बघण्यासारखं काही नसलेलं गाव : स्टीव्हनेज आणि एक जुना प्रश्न

या मालेत आपण एरवी एखादी संकल्पना घेतो, तिची व्याख्या करतो आणि मग उदाहरणं शोधत हिंडतो. आज क्रम उलटा ठेवला आहे. आधी एक गाव बघू, आणि मग त्या गावानं आमच्यापुढे टाकलेला प्रश्न. गावाचं नाव स्टीव्हनेज. इंग्लंडमधल्या हार्टफर्डशर परगण्यात, लंडनच्या उत्तरेला साधारण ४५ किलोमीटरवर. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून जलद गाडीनं पंचवीसएक मिनिटांत माणूस तिथे पोचतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलेलं नसेल. सहलीच्या बस तिथे सहसा थांबत नाहीत.

आम्ही दोघं तिथे गेलो ते भाचीकडे. तिची नोकरी तिथे आहे. पोचल्या दिवशी चहा घेताना आम्ही सहज विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे गं?" ती म्हणाली, "मामा, खरं सांगू? इथे बघण्यासारखं काही नाही. केंब्रिजला जाऊन येऊ या, जवळच आहे." केंब्रिजला गेलो, छान आहे, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. पण ती सकाळी कामाला गेली की उरलेला दिवस आमचा. गुडघे सांभाळत आम्ही रोज त्या 'काही नसलेल्या' गावात पायी हिंडत होतो. आठ दिवसांनी परत निघताना मनात जो प्रश्न घर करून बसला तो केंब्रिजमधून आलेला नव्हता, या साध्या गावातून आलेला होता. तो आज तुमच्यासमोर मांडतो.

चौक, घड्याळ आणि सहा टेकड्या

स्थानकातून बाहेर पडलं की एका पुलावरून रस्ता ओलांडून माणूस गावाच्या मध्यभागी येतो. तिथे एकही मोटार नाही. दुकानांच्या सपाट छपरांच्या रांगा, मध्ये मोकळा चौक, चौकात पाण्याच्या हौदात उभा असलेला एक घड्याळाचा मनोरा आणि जवळच आई आणि मुलाचं एक शिल्प. आई मुलाला पाठीवर घेऊन खेळते आहे. शिल्पकाराचं नाव फ्रांता बेल्स्की. सगळं साधं, थोडं जुनाट झालेलं. काही दुकानं बंद, काही ठिकाणी नव्या इमारतींचं काम चाललेलं. आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावी साठच्या दशकात बांधलेलं व्यापारी संकुल आठवावं, तसं.

पण थोडं थांबून विचारलं तर कळतं की हा चौक म्हणजे ब्रिटनमधलं पहिलं असं नगरकेंद्र, की जे आखतानाच केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आखलं गेलं. १९५९ साली राणी एलिझाबेथ त्याच्या उद्घाटनाला आल्या होत्या. आज जगभर मोटारबंदी असलेले बाजाररस्ते आहेत, आपल्याला त्यात नवल वाटत नाही. त्या काळी मात्र सरकारी अधिकाऱ्यांना आणि दुकानदारांना शंका होती, की गाडी दारापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक कसं येणार? त्या वेळी नव्या रहिवाशांनी सभा घेऊन पायी चौकाच्या बाजूनं कौल दिला, आणि तसाच चौक झाला. हा तपशील लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

गावात सायकलींचे वेगळे रस्ते आहेत. एरिक क्लॅक्स्टन नावाच्या अभियंत्यानं ते आखले. मोटारींचे रस्ते वर, सायकली आणि पादचारी खालच्या बोगद्यांतून. एकही सिग्नल न लागता शाळेत, कारखान्यात, बाजारात जाता यावं अशी योजना. गंमत अशी, की मोटारींसाठीही रस्ते तितकेच सुटसुटीत केल्यामुळे लोक मोटारीनंच जाऊ लागले. आम्ही बोगद्यांतून चालायचो तेव्हा कितीतरी वेळा आम्ही दोघंच असायचो. माणसाला सोय दिली म्हणजे तो ती वापरेलच असं नाही, हे नियोजनाला पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

आणि चौकापासून थोडं चाललं की रस्त्याच्या कडेला गवतानं झाकलेले सहा मोठे उंचवटे एका ओळीत दिसतात. त्यांना तिथे सहा टेकड्याच म्हणतात. त्या रोमन काळातल्या दफनाच्या टेकड्या आहेत, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं जुन्या. समोरून गाड्या जाताहेत, मागे कचेऱ्यांच्या इमारती, आणि मध्ये हे मृत. याच गावात एअरबसच्या कारखान्यात उपग्रह बनतात. मंगळावर पाठवायच्या रोझालिंड फ्रँकलिन या बग्गीची जुळणीही इथेच झाली. दोन हजार वर्षांची माती आणि मंगळावर जाणारी बग्गी एका गावात, आणि गावाला मात्र म्हणायचं, बघण्यासारखं काही नाही.

हे गाव बांधलं का?

आता मूळ गोष्टीकडे येऊ. १९४६ पूर्वी स्टीव्हनेज हे सहा-सात हजार वस्तीचं जुनं बाजारगाव होतं. लंडनहून उत्तरेला जाणारा जुना राजरस्ता त्याच्या पेठेतूनच जायचा. घोडागाड्यांच्या काळात तिथे घोडे बदलायचे, प्रवासी मुक्काम करायचे. ती पेठ आजही आहे. जुन्या खाणावळी, वाकलेली छपरं. भोवती शेतं, लहान लहान वाड्या, कुंपणाच्या झुडपांतून जाणाऱ्या वाटा.

तिकडे लंडनमध्ये परिस्थिती काय होती? युद्धाच्या आधीपासूनच कामगारवस्त्या खच्चून भरलेल्या. एका खोलीत कुटुंब, चार कुटुंबांत एक नळ. आपल्या गिरणगावातल्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यावर १९४०-४१ ची बाँबफेक. लंडनमधली लक्षावधी घरं पडली किंवा खिळखिळी झाली. १९४६ च्या उन्हाळ्यात तर हजारो बेघर कुटुंबं रिकाम्या झालेल्या लष्करी छावण्यांत शिरून राहू लागली.

यावरचा एक उपाय अर्ध्या शतकापासून तयार होता. एबनेझर हॉवर्ड नावाच्या गृहस्थानं १८९८ साली एक पुस्तक लिहिलं होतं. तो शिक्षणानं वास्तुकार नव्हता. लघुलेखक होता, लोकांची भाषणं टिपून घेण्याचं काम करायचा. शहरात काम आहे पण हवा नाही, खेड्यात हवा आहे पण काम नाही, तर दोन्हींचं लग्न लावावं, अशी त्याची मांडणी. मर्यादित वस्तीचं, भोवती शेतीचा पट्टा असलेलं उद्याननगर. त्यातलं खरं महत्त्वाचं कलम जमिनीविषयी होतं. जमीन शेतीच्या भावानं सामाईक मालकीत घ्यायची आणि नगर वसल्यावर तिचा भाव जो वाढेल तो नफा कुणा एकाच्या खिशात न जाता नगरासाठीच वापरायचा. १९०३ मध्ये लेचवर्थ आणि १९२० मध्ये वेल्विन अशी दोन उद्याननगरं त्यानं उभीही केली. दोन्ही स्टीव्हनेजच्या शेजारचीच.

युद्ध संपताना पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी या नियोजनकारानं १९४४ ची बृहद्-लंडन योजना तयार केली. लंडनभोवती हरित पट्टा आणि त्यापलीकडे नवी नगरं. पुढे मजूर पक्षाचं सरकार आलं, १९४६ च्या ऑगस्टमध्ये नव्या नगरांचा कायदा झाला आणि ११ नोव्हेंबर १९४६ रोजी स्टीव्हनेज हे देशातलं पहिलं नवं नगर म्हणून जाहीर झालं. वस्ती साठ हजारांपर्यंत न्यायची होती. आज ती एकोणनव्वद हजारांच्या घरात आहे.

इथवर गोष्ट सरळ आहे. दुःख मोठं, उपाय विचारपूर्वक केलेला, हेतू चांगला. आता दुसरी बाजू.

टायर, वाळू आणि न्यायालय

६ मे १९४६. नगर नियोजन खात्याचे मंत्री लुईस सिल्किन स्टीव्हनेजच्या लोकांशी बोलायला स्वतः आले. कायदा तेव्हा झालेलाही नव्हता. सभागृह भरून लोक बाहेर उभे. अनेकांची घरं आणि शेतं जाणार होती. लोकांनी त्यांना हुकूमशहा म्हटलं, जर्मन गुप्त पोलिसांचं नाव घेऊन आरडाओरडा केला. मंत्र्यांनी थोडक्यात असं सांगितलं, की तुम्ही कितीही ओरडलात तरी हे होणारच आहे. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या गाडीच्या टायरमधली हवा गेलेली आणि पेट्रोलच्या टाकीत वाळू. पुढे कुणीतरी स्थानकावरची पाटी बदलून तिथे रशियन वळणाचं 'सिल्किनग्राड' हे नाव लावलं. इंग्रज माणूस रागावला की असा विनोद करतो.

पण लोक पाट्या बदलून थांबले नाहीत, ते न्यायालयात गेले. हा खटला इंग्लंडच्या प्रशासकीय कायद्यात फ्रँकलिन खटला म्हणून प्रसिद्ध आहे. रहिवाशांचं म्हणणं समजून घ्या, फार नेमकं आहे. कायद्यानुसार मंत्र्यानं मसुदा जाहीर करायचा, हरकती मागवायच्या, चौकशी करायची आणि मग त्या हरकतींचा विचार करून अंतिम आदेश काढायचा. पण ज्या माणसानं मे महिन्यातच 'हे होणारच' असं भर सभेत सांगितलं, तो नोव्हेंबरमध्ये खुल्या मनानं हरकती ऐकेल कसा? आपल्याच दाव्यात आपण न्यायाधीश होऊ नये हे न्यायाचं जुनं तत्त्व आहे.

पहिल्या न्यायालयानं फेब्रुवारी १९४७ मध्ये रहिवाशांच्या बाजूनं निकाल दिला. अपिलात तो फिरला. आणि जुलै १९४७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं अंतिम निर्णय मंत्र्यांच्या बाजूनं दिला. कारण असं दिलं, की मंत्र्याचं हे काम न्यायाधीशाचं नव्हेच, ते प्रशासनाचं आहे. त्यानं हरकतींचा प्रामाणिकपणे विचार करावा एवढंच कायदा मागतो. न्यायाधीशाला लावायची पूर्वग्रहाची कसोटी इथे लागू होत नाही.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं एक भेद शिकवला. एखादं कृत्य त्याच्या परिणामावरून बरं-वाईट ठरवायचं, की ते ज्या रीतीनं केलं त्यावरून? वर्गात हा भेद कोरडा वाटतो, मुलं घड्याळाकडे बघतात. स्टीव्हनेजच्या चौकात तो आम्हाला अगदी डोळ्यांसमोर दिसला. कारण तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर याच लुईस सिल्किन यांचा चेहरा ब्राँझमध्ये कोरलेला आहे. ज्या माणसाच्या गाडीत वाळू घातली, त्याचा चेहरा गावानं आपल्या मध्यावर लावून घेतला.

याचा अर्थ काय लावायचा? एक उत्तर सोपं आहे. मंत्री बरोबर होता, लोक चूक होते, काळानं सिद्ध केलं. हे उत्तर आम्हाला पटत नाही. मनोरा ज्यांनी बांधला आणि चेहरा ज्यांनी लावला ते नव्या नगराचे लोक. वाळू घालणारे जुन्या गावाचे. एकानं दुसऱ्याला क्षमा केली, असं म्हणताच येत नाही, कारण माणसं वेगळी आहेत. ज्यांना त्रास झाला त्यांच्या वतीनं ज्यांना फायदा झाला त्यांनी समाधान व्यक्त करायचं, ही इतिहासातली नेहमीची लबाडी आहे आणि आपण सगळेच ती नकळत करतो.

फायदा मात्र खराच होता, तेही सांगितलं पाहिजे. १९५१ पासून नव्या घरांत माणसं यायला लागली. पहिल्या रहिवाशांत नगर बांधायला आलेले गवंडी-सुतारही होते. ज्या कुटुंबानं आयुष्यात स्वतःचं न्हाणीघर पाहिलं नव्हतं त्याला न्हाणीघर मिळालं, मागे अंगण मिळालं, मुलांना चालत जाता येईल अशी शाळा मिळाली. सुरुवातीला चिखल, दुकानं लांब, नातेवाईक लंडनमध्ये राहिलेले. एकट्या पडलेल्या बायकांच्या उदासपणाला त्या काळी नव्या नगराची उदासी असं नावच पडलं होतं. तरी परत जाऊ असं म्हणणारे थोडे. आणि याच लोकांना चौक कसा असावा हे विचारलं गेलं. म्हणजे बघा, १९४६ मध्ये ज्यांचं गाव होतं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि दहा वर्षांच्या आत जे नवे आले त्यांचं ऐकलं गेलं.

रुक्सनेस्ट

एका सकाळी आम्ही जुन्या पेठेतून उत्तरेकडे निघालो. दुतर्फा जुनी झाडं असलेली एक सरळ वाट आहे. ती संपते तिथे सेंट निकोलस चर्च, आणि त्याच्या थोडं पुढे रुक्सनेस्ट नावाचं एक घर. खाजगी घर आहे, आत जायचं नसतं. बाहेरून बघून पुढे जायचं.

या घरात १८८३ ते १८९३ अशी दहा वर्षं एक मुलगा आपल्या विधवा आईबरोबर राहिला. वय वर्षं चार ते चौदा. पुढे तो ई. एम. फॉर्स्टर म्हणून प्रसिद्ध झाला आणि १९१० च्या 'हॉवर्ड्स एंड' या कादंबरीतलं घर त्यानं याच घरावरून रचलं. मघाशी सांगितलेल्या सहा टेकड्याही त्या कादंबरीत येतात. ते घर कुणाला मिळावं, म्हणजे खोलात जाऊन पाहिलं तर इंग्लंड कुणाला मिळावं, हाच त्या कादंबरीचा विषय आहे.

फॉर्स्टरचं आपल्याशी एक नातं आहे. १९२१ मध्ये तो काही महिने देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. महाराज म्हणजे तिसरे तुकोजीराव पवार. घराणं मराठी, आणि त्यांची राणी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची कन्या. तिथला गोकुळअष्टमीचा उत्सव फॉर्स्टरनं जवळून पाहिला, आणि 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीच्या शेवटच्या भागात तो आला. हार्टफर्डशरच्या शेताकाठच्या घरातला मुलगा देवासच्या मराठी दरबारात कारभार पाहतो, आणि शंभर वर्षांनी आपण मराठी माणसं त्याच्या कुंपणाशी उभं राहून त्याचं शेत पाहतो. आम्हाला त्या क्षणी बरं वाटलं, एवढंच सांगतो.

नव्या नगराची घोषणा झाली तेव्हा फॉर्स्टर जिवंत होता, सदुसष्ट वर्षांचा. त्यानं विरोध केला. पण १९४६ मध्येच बीबीसीवर केलेल्या एका भाषणात त्यानं जे मांडलं ते आम्हाला विरोधापेक्षा मोलाचं वाटतं. लोकांना घरं पाहिजेत हे त्याला मान्य होतं. आपल्याला घर आहे आणि त्यांना नाही, हेही त्याला ठाऊक होतं. आणि तरीही आपल्या लहानपणची ही भूमी जाणार याचं दुःख त्याला सोडवत नव्हतं. त्यानं एका बाजूला खोटं ठरवून सुटका करून घेतली नाही. दोन निष्ठा आहेत, दोन्ही खऱ्या आहेत, आणि त्या जुळत नाहीत, असं तो सांगत राहिला. त्याच्याच काळातला तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन हेच वेगळ्या तऱ्हेनं म्हणत असे, की मूल्यं एकमेकांवर आदळतात आणि निवड केली की काहीतरी खरोखर गमावलं जातं. आपल्याकडे याला धर्मसंकट हा फार अचूक शब्द आहे. तिथे एका बाजूला धर्म आणि दुसऱ्या बाजूला अधर्म नसतो. दोन्हीकडे धर्मच असतो.

त्या घराच्या पलीकडे शेतं सुरू होतात. चर्चच्या आवाराजवळून पायवाट जाते. इंग्लंडमध्ये अशा वाटांवर चालण्याचा हक्क सगळ्यांना असतो. शेत खाजगी, पण वाट सार्वजनिक. १९४९ च्या कायद्यानं या वाटा नकाशांवर नोंदायला लावल्या, म्हणून शेतमालकाला त्या मनाला येईल तशा बंद करता येत नाहीत. आपल्याकडच्या पाणंदींची, शिवरस्त्यांची किती भांडणं तहसीलदाराकडे जातात ते आठवलं. आम्ही त्या वाटेनं अर्धा तास चाललो. गहू हातभर वाढलेला, चंडोल वर गात होता, मागे वळलं की गावाची छपरं. मालकी एकाची आणि वापर सगळ्यांचा, ही कल्पना पुस्तकात वाचणं वेगळं आणि पायांनी समजून घेणं वेगळं.

आता पाळी कुणाची?

आणि इथेच खरा प्रश्न उभा राहिला. या शेतांना तिथे फॉर्स्टरची भूमी म्हणतात. ती राखावी म्हणून १९८९ पासून एक संस्था काम करते आहे. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या नगरयोजनेत यातला काही भाग हरित पट्ट्यातून काढून शेकडो घरांसाठी दिला, आणि उरलेल्यात सार्वजनिक उद्यान ठरवलं. विरोध झाला. विरोध करणाऱ्या काहींशी त्या वाटेवर बोलणं झालं. शिष्ट, प्रेमळ माणसं. एक आजी म्हणाल्या, आमचे आईवडील लंडनहून इथे आले, मी इथेच वाढले, माझ्या नातवंडांना हे शेत राहायला हवं.

आम्ही मान डोलावली. घरी येताना आमची अर्धांगिनी म्हणाली, "म्हणजे यांच्या आईवडिलांसाठी ज्यांचं शेत गेलं, ते हेच म्हणत होते की." आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण मुद्द्यावर बोट त्यांनी ठेवलं.

आपण आत आलो की दार लोटून घ्यायचं. रेल्वेच्या डब्यात आपण रोज हेच करतो. फलाटावर असताना "अहो, सरका की जरा, आत जागा आहे" म्हणतो, आणि पाय आत पडला की "जागा नाही, मागच्या डब्यात बघा." मात्र आजींना एवढ्यावर ढोंगी म्हणणं अन्याय होईल. म्हणून आम्ही त्या हरकतीचे तीन भाग करून बघतो.

पहिली हरकत : माझ्या खिडकीतून दिसणारं दृश्य बिघडेल. ही खरी आहे, पण हलकी आहे. ज्याला घरच नाही त्याला खिडकीही नाही. त्याच्या गरजेपुढे ही हरकत मागे सरते.

दुसरी हरकत : हे शेत स्वतःच मोलाचं आहे, एकदा गेलं की परत येत नाही. ही जड आहे. तिचं वजन बोलणाऱ्यावर अवलंबून नाही. ढोंगी माणसानं सांगितली तरी ती तितकीच जड राहते. १९४६ मध्येही ती जड होती, आणि तरीही तेव्हा घरांचं पारडं खाली गेलं. आज कुठलं जाईल हे प्रत्येक वेळी नव्यानं तोलावं लागतं.

तिसरी हरकत : मला विचारलं नाही, किंवा आधी ठरवून मग विचारण्याचं नाटक केलं. ही हरकत निराळ्या जातीची आहे. ती निकालाबद्दल नाही. निकाल उत्तम लागला तरी ती भागत नाही. डॉक्टरनं मला न विचारता शस्त्रक्रिया केली आणि मी बरा झालो, तरी मला विचारलं नव्हतं ही गोष्ट बरी होत नाही. फ्रँकलिन खटल्यातली तक्रार याच जातीची होती. स्टीव्हनेज पुढे कितीही चांगलं झालं असो, त्या तक्रारीचं उत्तर गावाचं यश हे नाही.

हे आपल्यापासून लांबचं नाही. नवी मुंबईच्या श्रोत्यांनी स्वतःचं गाव आठवावं. १९७० साली सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आखणी शिकलेल्या, कळकळीच्या माणसांनी केली होती. मुंबईचा श्वास कोंडला होता हेही खरं. आणि १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, हेही खरं. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. स्टीव्हनेजमध्ये वाळू टाकीत गेली, इथे माणसं गेली. वाशीच्या स्वच्छ रस्त्यावरून चालताना हे दोन्ही एकाच वेळी मनात धरता येतं का, हा नागरिक म्हणून आपला अभ्यास आहे.

ऐकून घेण्याबद्दल बोलतो आहोत तर जाता जाता एक नाव. १९४९ ते १९५१ या काळात स्टीव्हनेजच्या विकास महामंडळाच्या अध्यक्ष मोनिका फेल्टन होत्या. त्या काळात अशा पदावर स्त्री असणं हेच विरळा. १९५१ मध्ये त्या एका महिला शिष्टमंडळाबरोबर उत्तर कोरियाला गेल्या, युद्धात तिथे काय झालं ते परत येऊन जाहीर सांगितलं, आणि मोठा गदारोळ होऊन त्यांचं पद गेलं. पुढे त्या भारतात आल्या, मद्रासला राहिल्या, राजाजींवर एक पुस्तक लिहिलं आणि बालविधवांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या सिस्टर सुब्बलक्ष्मी यांच्यावर दुसरं. मद्रासमध्येच त्या वारल्या. एका गावाची उभारणी करणाऱ्या बाईला स्वतःच्या देशात ऐकून घेणारे थोडे निघाले, आणि मग तिनं दूर देशातल्या एका बाईचं आयुष्य बसून ऐकलं आणि लिहून ठेवलं.

परत निघताना

शेवटच्या दिवशी भाचीनं विचारलं, "काय मामा, कंटाळलात ना?" आम्ही तिला फॉर्स्टरची शेतं, फ्रँकलिन खटला, मनोऱ्यावरचा चेहरा असं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सहा वर्षं इथे राहतेय, रोज त्या मनोऱ्याखालून जाते, पण वर पाहिलंच नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाली, "मी ज्या घराचं आगाऊ नाव नोंदवलंय ना, ते त्या उत्तरेकडच्याच शेतांत होणार आहे."

आम्ही काय बोलणार? घर तर तिला हवंच आहे. भाड्याच्या खोलीत सहा वर्षं काढली तिनं. घे म्हटलं. पण हेही सांगितलं, की राहायला गेलीस की एकदा त्या पायवाटेनं चर्चपर्यंत चालत जा. जिथे राहशील तिथे आधी काय होतं ते माहीत असू दे. आणि वीस वर्षांनी तुझ्या खिडकीसमोरच्या शेतात कुणी घर बांधायला आलं, तर हरकत जरूर घे, पण ती तीनपैकी कुठल्या जातीची आहे ते आधी स्वतःला विचार.

आज इथे थांबतो. तुम्ही राहता ती सोसायटी, तो प्लॉट, ती कॉलनी, तिच्या जागी आधी काय होतं, कुणाचं होतं, आणि त्याला कुणी विचारलं होतं का, एवढं पुढच्या वेळेपर्यंत शोधून या. आजोबा-आजींना विचारा, सातबाराचे जुने उतारे बघा. त्यावरून पुढचं बोलू.